मराठी बाजूला ठेवून डच येईल का?

सांगलीकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय अडतीस. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या आइंडहोव्हनला राहायला गेल्या. सहा वर्षांची मुलगी तिथल्याच शाळेत जाते. इकडे त्या हिशेबाचं काम करायच्या. तिकडे नोकरीसाठी डच हवं, म्हणून त्यांनी संध्याकाळचा वर्ग लावला. व्याकरणाच्या वह्या भरल्या आहेत, गृहपाठात चुका कमी निघतात, पण बोलायला तोंड उघडलं की वाक्य मध्येच अडकतं. एकदा 'जास्त मोठं' म्हणायला त्या 'मेर ख्रोत' म्हणाल्या, तेव्हा लेकीने चारचौघांत सांगितलं, "आई, असं नाही म्हणत." दुकानात दोन वाक्यं बोललं की समोरचा इंग्रजीवर येतो. नवऱ्याचं म्हणणं, इथे इंग्रजीवर भागतं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणी भराभर पुढे जाताना दिसतात. त्या विचारतात : "माझ्या डोक्यात सगळं आधी मराठीत येतं, तिथेच घोटाळा होतो. घरात मराठी बंद करून मुलीशी डचच बोलू का? की आधी व्याकरण पुरतं संपवून मगच बोलायला लागू? की या वयात नादच सोडू?"

ताई,

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण तिन्हींच्या तळाशी समजूत एकच आहे. मराठीमुळे तुमचं डच अडतंय, अशी. मी बरीच वर्षं मराठी घरांतल्या मोठ्या माणसांना डच शिकवते आहे, आणि ही समजूत माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते. म्हणून आधी तिच्याकडेच बघू. त्यासाठी थोडं व्याकरणात शिरावं लागेल, पण तुम्ही वह्या भरल्या आहेत, तुम्हाला ते जड जाणार नाही.

आधी लिहिण्याबद्दल एक गोष्ट. डच शब्द मी देवनागरीत 'त' आणि 'द' वापरून लिहिते, कारण ते उच्चार आपल्या त-दच्या जवळचे आहेत. 'ख' घशातून काढायचा. शब्दाच्या शेवटी पुसट 'अ' ऐकू येतो तिथे ऽ हे चिन्ह घातलं आहे.

मुलगी आजारी पडली आणि वर्गाला जाता येणार नाही, तर बाईंना काय कळवाल? 'इक कॉम फान्दाख नीत, ऑमदात मेइन दॉख्तर झीक इस.' 'ऑमदात' म्हणजे कारण. आता त्याच्या पुढचे चार शब्द एकामागून एक मराठीत ठेवा : माझी, मुलगी, आजारी, आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. इंग्रजीत 'आहे' हा शब्द 'आजारी'च्या आधी येतो, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणारा माणूस इथे हमखास अडखळतो. तुम्हाला अडखळायचं कारण नाही, आणि तरी तुम्ही अडखळत असाल तर माझा अंदाज असा आहे की वर्गात डच वाक्य तुम्ही मराठीतून नव्हे, मनातल्या मनात इंग्रजीतून उभं करता. वर्गाचं पुस्तक इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत, शेजारी बसणाऱ्यांशी बोलणंही इंग्रजीत. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून डचमध्ये, असा दोनदा प्रवास होतो. मधला मुक्काम काढून टाकता येतो.

दुसरं वाक्य घ्या. 'इक हेप खिस्तरन ऑप द मार्क्त अन फीत्स खकॉख्त.' मी काल बाजारात एक सायकल विकत घेतली. काल, मग बाजारात, मग सायकल, मग घेतली. वेळ आधी, ठिकाण नंतर, कृती शेवटी. आपली सवय नेमकी हीच आहे. इंग्रजीत हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो : घेतली, सायकल, बाजारात, काल. मराठीपेक्षा इथे जास्तीचं काय आहे, तर 'मी'नंतर आलेलं 'हेप' हे छोटं साहाय्यक क्रियापद. तेवढं दुसऱ्या जागी ठेवलं की उरलेलं वाक्य तुम्ही घरच्यासारखं बोलू शकता. 'पाहिजे', 'शकते', 'लागतं' या अर्थाच्या क्रियापदांचंही असंच. 'इक मूत मॉर्खन मेत मेइन दॉख्तर नार द तान्दार्त्स खान.' मला लागतं, उद्या, मुलीबरोबर, दातांच्या डॉक्टरकडे, जायला.

हा योगायोग नाही. यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने 1975 साली एका निबंधात मांडलं की डच ही मुळात कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमाची भाषा आहे, आणि मुख्य वाक्यात क्रियापद पुढे येतं ते आपली मूळची शेवटची जागा सोडून. मराठीचा क्रम तोच. हा निबंध तुम्ही वाचायची गरज नाही, पण मराठी माध्यमात शिकल्यामुळे आपण मागे पडलो, असं मनात आलं की एवढं आठवा : वाक्याच्या शेवटापर्यंत क्रियापदाची वाट बघायची सवय तुम्हाला लहानपणापासून आहे, आणि त्या मैत्रिणींना ती शाळेतल्या भाषेने दिलेली नाही. त्यांचं मराठी त्यांनीही वापरलं तर त्यांनाही फायदा होईल, हे त्यांना जरूर सांगा.

मराठी सगळीकडे मदतीला येतं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. सर्वांत जास्त चुका जिथे होतात तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा आपल्याला एकाच चुकीच्या बाजूला ओढतात. 'उद्या मी युत्रेख्तला जाते' हे सांगताना मराठी माणूस म्हणतो, 'मॉर्खन इक खा नार युत्रेख्त.' बरोबर वाक्य आहे 'मॉर्खन खा इक नार युत्रेख्त.' उद्या, जाते, मी. मुख्य वाक्यात दुसरी जागा क्रियापदाची, एसटीतल्या राखीव आसनासारखी. पहिल्या जागेवर 'मी' बसो, 'उद्या' बसो, नाहीतर 'गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत' असा लांबलचक तुकडा बसो, दुसरी जागा कोणी घ्यायची नाही. पहिली जागा दुसऱ्या कोणी घेतली की कर्ता क्रियापदाच्या मागे जातो. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक, हे लक्षात ठेवा. कित्येक जण शब्द मोजत बसतात आणि गोंधळतात.

अख्खं उपवाक्यसुद्धा ती पहिली जागा घेऊ शकतं. 'आल्स हेत रेखन्त, नेम इक द बस.' पाऊस पडला तर मी बसने जाते. इथे आपलं जर-तर कामाला येतं. जर-भागात क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. आणि मराठीत जिथे 'तर' येतं तिथे लगेच पुढच्या भागाचं क्रियापद, त्यानंतर 'मी'. रोजच्या कामांची दहाबारा जर-तर वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. घाई नको.

'वांत' आणि 'ऑमदात' यांचा घोळ तुमच्या वहीत नक्की असणार. दोन्हींचा अर्थ 'कारण'. 'वांत'नंतर मुख्य वाक्याचा क्रम राहतो : वांत मेइन दॉख्तर इस झीक. 'ऑमदात'नंतर क्रियापद शेवटी. बोलताना भीती वाटली तर 'वांत' वापरा, त्यात काही कमीपणा नाही. पण 'ऑमदात' ऐकलं की हा मराठी क्रम आहे एवढीच खूण मनाशी धरली, तर हळूहळू 'दात', 'आल्स', 'तून', 'तरवेइल', 'हूवेल' हे सगळे शब्द त्याच रांगेत बसतात. 'की', 'जर', 'जेव्हा', 'असताना', 'जरी'.

आता तुमचं 'मेर ख्रोत'. लेकीने हटकलं ते बोचलं, हे पत्रात जाणवतं. पण ही चूक का झाली ते बघितलं तर लाज वाटायचं कारण उरत नाही. तुलना करताना मराठीत विशेषण बदलत नाही. 'पेक्षा' लावतो आणि विशेषण तसंच ठेवतो, फार तर 'जास्त' जोडतो. इंग्रजीतही लांब विशेषणांना 'मोअर' लागतं. डच मात्र जवळजवळ सगळ्या विशेषणांना 'अर' जोडते, मग ते कितीही लांब असो. ख्रोत, ख्रोतर. क्लेइन, क्लेइनर. इंतरेसान्त, इंतरेसान्तर. बलांग्रेइक म्हणजे महत्त्वाचं, त्याचं बलांग्रेइकर. म्हणजे हा नियम इंग्रजीपेक्षा सोपा आहे. विशेषणाच्या शेवटी 'र' असेल तर मध्ये 'द' येतो : द्यूर म्हणजे महाग, त्याचं द्यूरदर, लेकर म्हणजे चविष्ट, त्याचं लेकरदर. 'लेकर'च्या शेवटी आधीच 'अर' ऐकू येतो, म्हणून त्याला तुलनेचं रूप समजू नका. सर्वांत जास्त दाखवायला 'स्त' : ख्रोत्स्त, द्यूरस्त. 'फान्तास्तीस'सारख्या थोड्या शब्दांना तेवढं 'मेस्त' लागतं. वेगळी रूपं चारच पाठ करायची. चांगलं : खूत, बेतर, बेस्त. पुष्कळ : फेल, मेर, मेस्त. थोडं : वेइनख, मिन्दर, मिन्स्त. आवडीने : ख्राख, लीव्हर, लीफ्स्त. या शेवटच्या तिघांशी मैत्री करा; पुढे दुकानात ते उपयोगी पडणार आहेत.

'पेक्षा'ला डचमध्ये 'दान', आणि ते मागून येतं. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूभागातलं सर्वांत उंच ठिकाण फाल्सरबेर्ख, 322 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर. 'कळसूबाई इस फेल होखर दान द फाल्सरबेर्ख.' हे वाक्य लेकीला म्हणून दाखवा. वर्गात डोंगरांचा विषय निघाला तर तीही ते अभिमानाने म्हणेल. सारखेपणा दाखवायचा असेल तर मात्र 'आल्स' : एव्हन ख्रोत आल्स, इतकंच मोठं. रस्त्यावर तुम्हाला 'ख्रोतर आल्स' पुष्कळ ऐकू येईल, जन्माने डच असलेल्या माणसांच्या तोंडीही. बोलीत ते जुनं आणि घट्ट रुजलेलं आहे. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, पण लिहिताना आणि परीक्षेत 'दान'च ठेवा.

आणि आता ती जागा, जिथे तुलना आणि शब्दक्रम एकमेकांत गुंततात. तुमचं वाक्य मध्येच अडकतं असं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा इथेच. 'आज मला कालपेक्षा चांगली झोप लागली.' मराठीच्या वळणाने 'दान खिस्तरन' आधी म्हणून टाकावंसं वाटतं. नियम पाळणारी विद्यार्थिनी मग विचारात पडते, क्रियापद शेवटी हवं ना, मग 'दान' कुठे घालू? डच म्हणते : 'इक हेप फान्दाख बेतर खस्लापन दान खिस्तरन.' क्रियापद येऊन जातं आणि 'दान'चा तुकडा त्याच्याही मागे जाऊन बसतो. 'ऑमदात'च्या वाक्यातही तेच : 'ऑमदात आइंडहोव्हन क्लेइनर इस दान रॉटरडॅम', कारण आइंडहोव्हन रॉटरडॅमपेक्षा लहान आहे. पुस्तकांत तुलना एका धड्यात असते आणि शब्दक्रम दुसऱ्या, त्यामुळे हा सांधा कोणी नीट दाखवत नाही. वाक्य बोलताना 'दान' आधी विसरूनच जा. आज चांगली झोप लागली, एवढं वाक्य पुरं करा, क्रियापदासकट. मग श्वास घ्या आणि 'दान खिस्तरन' जोडा. मराठीतही आपण गप्पांत म्हणतोच, "आज झोप बरी लागली, कालपेक्षा."

आपलं जितकं-तितकं तर डचमध्ये जसंच्या तसं सापडतं. 'हू मेर इक उफन, हू बेतर इक स्प्रेक.' जितका जास्त मी सराव करते, तितकं चांगलं मी बोलते. दोन्ही भागांत क्रियापद शेवटी.

विशेषणाच्या शेवटी कधी येणाऱ्या, कधी गळणाऱ्या ऽ लाही घाबरायचं कारण नाही. 'अन' म्हणजे एक. अन ख्रोतऽ फीत्स, पण अन ख्रोत हाउस. आपण मोठी सायकल आणि मोठं घर म्हणतोच की! लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं हे इंग्रजीतून येणाऱ्याला नवं वाटतं, आपल्याला नाही. डच नामाआधी इंग्रजी 'द'सारखं 'द' किंवा 'हेत' लागतं; 'हेत' लागणारे शब्द नपुंसकलिंगी. त्यांच्या आधी 'अन' असेल तर विशेषणाचा ऽ गळतो, 'हेत' आलं की परत येतो : हेत ख्रोतऽ हाउस. मुलगी या अर्थाचा 'मेइश्यऽ' हा शब्दही नपुंसकलिंगी आहे, जसं आपलं लेकरू. लाडाने लहान केलेला प्रत्येक शब्द डचमध्ये नपुंसकलिंगीच असतो. नाम पाठ करताना मात्र 'द' किंवा 'हेत' लावूनच पाठ करा. नंतर वेगळं लक्षात ठेवणं फार कठीण जातं.

आता तुमचे तीन प्रश्न.

घरात मराठी बंद करू का? कृपा करून करू नका. मुलीला डच शाळेतून, मैत्रिणींकडून, मैदानावर मिळतंच आहे, आणि उत्तम मिळतंय. तुमच्याकडून तिला जे मिळू शकतं ते दुसरं कोणी देणार नाही : रागावणं, समजावणं, आजोळच्या गोष्टी, आजीशी फोनवर बोलायची भाषा. तुटक डचमध्ये तुम्ही तिच्याशी बोलायला लागलात तर तुमच्या सरावापायी तिच्या आणि तुमच्या बोलण्याचा विषयच लहान होत जाईल. तिने चूक दाखवली ती अपमान करायला नव्हे. आपल्याला जे येतं ते आईलाही यावं, हा सहा वर्षांच्या मुलीचा उत्साह आहे. तरी चारचौघांत टोकलेलं तुम्हाला आवडत नसेल तर ते तिला मराठीत, शांतपणे सांगा, तिला समजेल. आणि रोज जेवणानंतर थोडा वेळ शाळेचा खेळ ठेवा, ज्यात ती बाई आणि तुम्ही विद्यार्थिनी. त्या वेळात तिने हवं तितकं दुरुस्त करावं. तो वेळ संपला की तुम्ही पुन्हा तिची आई. मुलाला चोवीस तास आईवडिलांचा दुभाषा करणं मला बरं वाटत नाही. दवाखान्यात, शाळेत, सरकारी कागदांसाठी तर नाहीच.

आधी व्याकरण संपवू का? ते संपत नाही. परदेशी लोकांसाठीची डच भाषेची शासकीय परीक्षा, स्तात्सएक्सामन एनटी2, हिचे दोन कार्यक्रम आहेत : पहिला बी1 म्हणजे मध्यम पातळीचा, दुसरा बी2 म्हणजे त्याच्या वरच्या पातळीचा. दोन्हींत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. तुमचं वाचन-लेखन वहीतून तयार होतंय. बोलणं बोलूनच तयार होईल. अनेक सार्वजनिक वाचनालयांत 'तालकाफे' भरतं, तिथे स्वयंसेवक शिकणाऱ्यांशी गप्पा मारायला येतात आणि इंग्रजीवर वळत नाहीत. तुमच्या वाचनालयात चौकशी करा. ऐकण्यासाठी एनओएस या सार्वजनिक प्रसारकाचं मुलांचं बातमीपत्र, येउख्तझुर्नाल, लेकीबरोबर बघा. वाक्यं आखूड, उच्चार स्पष्ट, विषय त्या दिवसाचे. बघताना एक काम करा : 'ऑमदात' ऐकू आलं की त्या वाक्याचं क्रियापद कधी येतं, त्याची वाट बघा.

दुकानात समोरचा इंग्रजीवर येतो तो बहुतेक वेळा तुम्हाला मदत करायलाच. तुमचं डच वाईट आहे असा निकाल त्याने दिलेला नसतो. त्याला सांगा, 'इक स्प्रेक लीव्हर नेदरलान्त्स.' मला डच बोलायला जास्त आवडेल. किंवा विचारा, 'माख इक नेदरलान्त्स उफनन?' मी डचचा सराव करू का? गर्दीच्या वेळी, मागे रांग असताना नको. सकाळी, निवांत वेळी. आठवडी बाजारातले भाजीवाले यासाठी उत्तम. तिथे महाग-स्वस्त, लहान-मोठं, ताजं-जास्त ताजं, सगळी तुलना आपोआप होते.

यजमानांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांच्या कचेरीत इंग्रजीवर भागत असणार. पण शाळेतली पालकसभा, शेजारच्या आजीबाई, हिशेबाच्या नोकरीसाठी येणारे कागद, हा तुमचा दिवस आहे आणि तो डचमध्ये चालतो. त्यांच्या काळजीने ते तसं म्हणतात हे मला दिसतं. त्यांना एकच विनंती करा : आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलीला त्यांनी सांभाळावं, म्हणजे तुमचा वर्ग आणि तालकाफे दोन्ही होईल.

अडतीस हे वय भाषा सोडून देण्याचं नाही. उच्चारात मराठी वळण राहील. राहू द्या, समोरच्याला समजतं. पुढचे दोन महिने फक्त दोन गोष्टींवर लक्ष द्या : मुख्य वाक्यात दुसरी जागा क्रियापदाची, आणि क्रियापदानंतर येणारं 'दान'. 'एर' या शब्दाचे अनेक उपयोग, दोन क्रियापदं शेवटी एकत्र आली की आधी कोणतं, हे सध्या बाजूला ठेवा. त्यातल्या काही गोष्टींत डच लोकही दोन्ही क्रम वापरतात. आणि दोन महिन्यांनी मला पत्र पाठवा, या वेळी त्यात चार वाक्यं डचमध्ये असू द्यात. चुकली तरी चालतील, आपण ती इथेच सोडवू.